विद्यार्थ्यांचे वक्तृत्व आणि आपले कर्तृत्व

(विहाराच्या वर्धापनदिनी, ‘कला आणि पर्यावरण’ या विषयावरील विद्यार्थी वक्तृत्व स्पर्धेच्या बक्षीस समारंभात केलेले भाषण)



मला परीक्षक म्हणून बोलायला सांगितलंय. मी काही पदवीधर नाही. साच्यावर उभं राहून काम केलेला माणूस. पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून जे काय वाचलं तेवढीच माझी शाळा. माझ्याबरोबर परीक्षक होते ते दोघे मात्र खरे शिक्षक. एक निवृत्त मुख्याध्यापिका बाई आणि दुसरे चित्रकलेचे सर. तेव्हा माझ्या बोलण्यात काही चूक झाली तर ती माझी समजावी, आणि काही बरं निघालं तर त्या दोघांचं.

गेल्या महिन्यात याच सभागृहात स्पर्धा झाली. पाचवी ते दहावीची तेवीस मुलं-मुली बोलली. वेळ पाच मिनिटं. चार मिनिटांनी पहिली घंटा, पाचला दुसरी. पुढे बोललं की गुण कापायचे. विषयाची मांडणी, भाषा, उच्चार, हावभाव असे गुणांचे रकाने आमच्यापुढे होते. विषय होता ‘कला आणि पर्यावरण’.

आता खरं सांगतो, राग मानू नका. तेवीसपैकी निम्म्याहून जास्त मुलांनी एकच भाषण केलं. तीच सुरुवात, तेच झाड, तीच चिमणी, तोच शेवट. मोबाईलमधून उतरवून घेतलेलं. काही आई-बाप तर पहिल्या रांगेत बसून ओठ हलवत होते. मूल अडखळलं की आईचा जीव वर-खाली. मुलांचा यात दोष नाही. पाठ केलेलं बोलायला पण धीर लागतो. आमच्या बापजाद्यांना चारचौघांत तोंड उघडायची बंदी होती. त्यांची नातवंडं आज माईकसमोर उभी राहतात हे काही लहान काम नाही. पण पाठांतर ही शिडी आहे. शिडीवरच बसून राहायचं नसतं, वर चढून जायचं असतं.

मग एक आठवीतली मुलगी आली. तिचं नाव मी इथे घेणार नाही, तिला संकोच होईल. तिच्या हातात कागद नव्हता. ती म्हणाली, माझे वडील पेंटर आहेत. आधी ते पाट्या रंगवायचे, दुकानांच्या, मंडळांच्या, जयंतीच्या. बाबासाहेबांचा चष्मा आणि डोळे काढायला त्यांना दोन रात्री लागायच्या. मग फ्लेक्स आला. मशीन एका तासात छापून देतं. आता माझे वडील तोच फ्लेक्स बांबूला बांधायला उंचावर चढतात, त्याची मजुरी मिळते.

एवढं बोलून ती थांबली. मग तिनं दाराकडे हात केला. त्या दिवशी दारावर स्पर्धेचा मोठा फ्लेक्स लावला होता. त्यावर एकवीस फोटो होते. त्यात माझाही होता, हे मी कबूल करतो. ती म्हणाली, आम्हाला पर्यावरणावर बोलायला सांगितलं आणि त्या फ्लेक्सच्या खालून आत आणलं. पण मी त्याला कचरा म्हणणार नाही, कारण कार्यक्रम झाला की माझे वडील तो मागून घेतात आणि पावसाळ्यात आमच्या पत्र्यावर टाकतात. तुमचे फोटो आमच्या डोक्यावर असतात म्हणून आमचं अंथरूण कोरडं राहतं.

सभागृहात कुणी टाळी वाजवली नाही. मुलगी गोंधळली. तिला पुढचं आठवेना. घंटा वाजली, दुसरी पण वाजली. शेवटी ‘जय भीम’ म्हणून ती खाली उतरली. वेळ संपल्याचे गुण गेले, समारोप नाही म्हणून गुण गेले, हावभाव नाहीत म्हणून गुण गेले. बेरीज केली तर ती सहावी आली. बक्षिसं तीनच होती.

मी हट्ट धरला की हिला पहिला नंबर द्या. चित्रकलेचे सर म्हणाले, “दादा, नियम आधी वाचून दाखवलेत. निकालानंतर आपण आपल्या मनासारखे गुण बदलायला लागलो तर त्याला समता म्हणायची का? उद्या दुसरा परीक्षक आपल्या भाच्यासाठी गुण बदलेल.” बाई म्हणाल्या, “तिला बक्षीस देऊन आपण मोकळे होऊ. तिनं जे विचारलं त्याचं उत्तर कोण देणार?” मी गप्प झालो. दोघांचंही बरोबर होतं. म्हणून आज ज्या तिघांना बक्षिसं मिळणार आहेत ती त्यांच्या हक्काची आहेत, त्यांचं मनापासून अभिनंदन. आणि त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आपण सगळ्यांनी मिळून द्यायचं आहे. तेवढ्यासाठीच मी उभा आहे.

मित्रहो, कला आणि पर्यावरण हे दोन विषय आपण वेगळे समजतो. कला म्हणजे भिंतीवरचं चित्र आणि पर्यावरण म्हणजे पाच जूनला लावायचं रोप. आपल्या धम्मात हे कधी वेगळं नव्हतं. दोन गोष्टी सांगतो. दोन्ही विनयपिटकातल्या आहेत आणि दोन्ही कापडाच्या आहेत. गिरणीवाल्याला कापडाच्याच गोष्टी आठवणार!

पहिली गोष्ट. भगवान बुद्ध दक्षिणगिरीकडे चारिकेला निघाले होते. वाटेत मगधाची भातशेती दिसली. चौकोनी वाफे, मधे बांध, बांधाला बांध मिळालेले. तथागतांनी आनंदाला विचारलं, भिक्खूंसाठी असं चीवर तुला करता येईल का? आनंदानं तुकडे जोडून तसं चीवर शिवलं. आज भन्तेजींच्या अंगावर जे चीवर आहे त्याच्या शिवणी बघा. ते भाताचं खाचर आहे. शेतकऱ्याचं शेत भिक्खूच्या अंगावर आलं. जमीन बघून कला शिकणं याला म्हणतात.

दुसरी गोष्ट. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे चीवरं दान दिली. राजाला शंका आली. हा श्रमण एवढ्या कापडाचं करणार काय, दुकान मांडणार की काय? त्यानं जाऊन विचारलं. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरं फाटली आहेत त्यांना वाटीन. मग त्या जुन्या चीवरांचं काय? अंथरुणावर घालायला. जुन्या चादरींचं? गादीची खोळ. जुन्या खोळींचं? जमिनीवर अंथरायला. तेही झिजलं की पायपुसणं, पायपुसणं झिजलं की धूळ झाडायचं फडकं, आणि फडकंही संपलं की त्याच्या चिंध्या कुटून चिखलात कालवायच्या आणि जमीन सारवायची. राजा इतका खूष झाला की त्यानं आणखी पाचशे दिली.

बघा, त्यात टाकलेलं काहीच नाही. कापूस मातीतून आला आणि मातीत गेला. आज ‘पुनर्वापर’ म्हणून मोठमोठ्या परिषदा भरतात. आनंदानं ते अडीच हजार वर्षांपूर्वी एका राजाला उभ्या उभ्या समजावलं. आणि ती आपली मुलगी सांगत होती तेही हेच होतं. फ्लेक्सचा फोटो, मग पत्र्यावरचं पांघरूण. पण एक फरक आहे. फ्लेक्स म्हणजे पीव्हीसी, प्लास्टिक. तो शेवटी चिखलात मिसळत नाही. दोन पावसाळ्यांत फाटतो, नाल्यात जातो, तुंबतो. पेटवला तर विषारी धूर होतो. त्याची शेवटची पायरी आनंदाच्या पायरीसारखी नाही. गरिबाच्या डोक्यावर कोरडं छप्पर पाहिजे हे खरं, पण ते आपल्या फोटोंच्या फाटक्या प्लास्टिकचं असावं ही काही आपली प्रगती नव्हे.

आता लेण्यांकडे या. आपल्या मुंबईतच कान्हेरी आहे, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात. शंभराहून अधिक लेणी. आपण सहलीला जातो, चैत्यगृह बघतो, फोटो काढतो. पुढच्या वेळी मुलांना घेऊन जाल तेव्हा लेण्याच्या बाजूला खाली बघा. दगडात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. डोंगरावर पडलेला पाऊस बारीक पन्हळी खोदून टाक्यांत आणलेला आहे. पावसाळ्यात भिक्खू एका जागी वर्षावास करत. त्याचं कारणही लक्षात घ्या. पावसात फिरताना हिरवं गवत आणि बारीक जीव पायाखाली चिरडतात, अशी लोकांनी तक्रार केली होती, आणि ती तथागतांनी मानली. लोकांचं ऐकून नियम केला, हे महत्त्वाचं.

कान्हेरीच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. त्यात व्यापारी आहेत, कारागीर आहेत, स्त्रिया आहेत. पाण्याचं टाकं, ज्याला तिथे ‘पोढी’ म्हटलंय, ते दान दिल्याचे उल्लेख आहेत. म्हणजे नाव लावायची हौस त्या काळीही होती! पण नाव लागायचं ते पाण्याच्या टाक्यावर. तहानलेला पाणी पिणार आणि मग नाव वाचणार. आपण काय करतो? आधी नाव, त्याच्यावर फोटो, आणि पाण्याचा पत्ता नाही. पाण्याची किंमत आपल्याला कुणी शिकवायची? २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब गेले ते कशासाठी? पर्यावरणाचा पहिला प्रश्न हाच की पाणी कुणाचं, हवा कुणाची. झाडं लावा म्हणणारा माणूस जर शेजाऱ्याला नळावर येऊ देत नसेल तर त्याच्या झाडाला काय अर्थ?

अजिंठ्याचंही बघा. वाघोरा नदीच्या वळणावर घोड्याच्या नालेसारखी ती लेणी आहेत. चित्रं काढायच्या आधी दगडावर मातीचा गिलावा चढवला, त्यात भाताचा कोंडा आणि वनस्पतींचे तंतू मिसळले. रंग बहुतेक त्याच मातीतले. पिवळी माती, तांबडी माती, हिरवी माती, दिव्याची काजळी. फक्त निळ्यासाठी दूरवरून दगड आणला. पुन्हा तोच चिखल आणि तेच तंतू, आनंदानं सांगितलेले! १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आला होता, त्याला ही लेणी दिसली. त्यानं काय केलं? दहा नंबरच्या लेण्यात आपलं नाव कोरलं. पुढे १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारनं इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी चित्रं जपायला वर लाखेचं व्हार्निश दिलं, हेतू चांगला होता, पण ते काळानं पिवळं पडलं आणि पुढच्या लोकांना ते काढत बसावं लागलं. आज आपल्या श्वासातल्या दमटपणानंही त्या भिंतींना त्रास होतो, आणि गाड्याही फर्दापूरच्या बाजूला चार किलोमीटरवर थांबवतात. सांगायचं एवढंच की जपायलाही अक्कल लागते. नुसतं प्रेम पुरत नाही.

सम्राट अशोकाचं उदाहरण तर घराजवळचं आहे. नालासोपाऱ्याला भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या लेखात काय आहे? पूर्वी राजे विहारयात्रेला जात, म्हणजे मौजेला आणि शिकारीला. अशोक बोधीच्या ठिकाणी गेला आणि त्यानंतर त्यानं धम्मयात्रा सुरू केली. लोकांना भेटायचं, दान द्यायचं, विचारपूस करायची. राजा असून त्यानं आपला समारंभच बदलला. दुसऱ्यांना उपदेश करण्याआधी स्वतःचा कार्यक्रम बदलला. आपल्याला आपला बदलता येत नाही का?

आता थोडं आमच्या कामाचं सांगतो, कारण विषयाशी त्याचा संबंध आहे. कापड विणणं ही कला आहे. पण गिरणीतली हवा कशी असते ते विणणाऱ्याला विचारा. कापसाची धूळ छातीत बसते, बिसिनोसिस होतो. सूत तुटू नये म्हणून विणखात्यात हवा दमट ठेवायची, माणूस घामानं निथळला तरी चालेल. आणि त्या खात्यात पूर्वी आपल्या माणसाला घेतच नसत. का? तर धोट्यातलं सूत तोंडानं ओढावं लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडचं सूत बाकीच्यांना चालत नसे. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. एकाच धोट्याला अनेकांची तोंडं लागून क्षय पसरतो, म्हणजे आरोग्याचा प्रश्न. आणि त्याच धोट्यावरून जात ठरते, म्हणजे समतेचा प्रश्न. एका लाकडी धोट्यात कला, पर्यावरण आणि जात तिन्ही गुंतलेली होती. म्हणून मुलांनो, यावर बोलताना फक्त चिमणीवर बोलू नका. तुमच्या आईच्या खोकल्यावर बोला. देवनारला १९२७ पासून शहराचा कचरा टाकत आले, २०१६ च्या जानेवारीत तो पेटला तेव्हा धूर कुणाच्या घरात शिरला त्यावर बोला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या रात्री तुमच्या घरात पाणी किती चढलं ते आजीला विचारा आणि त्यावर बोला. तुमचं भाषण कुणाला चोरता येणार नाही आणि तुम्हालाही पाठ करावं लागणार नाही.

आता मोठ्यांना दोन शब्द, थोडे कडू आहेत. चौदा एप्रिलला आपण डीजे लावतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमात राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. आपल्या गल्लीत काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. भिंतीवरची भांडी पडतात, म्हाताऱ्या माणसाची छाती धडधडते, दहावीचं पोर कानात बोळे घालून बसतं. “दुसरे वाजवतात, मग आम्हीच का नाही?” असं पोरं म्हणतात. बरोबर, नियम सगळ्यांना सारखा लागला पाहिजे, तिथे मी तुमच्या बाजूनं भांडेन. पण आपली परंपरा कुठली? भीमराव कर्डकांचा जलसा, वामनदादा कर्डकांचं गाणं, विठ्ठल उमपांचा आवाज. एक ढोलकी, एक डफ, आणि शब्द असे की अक्षरओळख नसलेली बाई ऐकून पोराला शाळेत घालायची. डीजेत आवाज आहे, शब्द नाही. ज्या कलेत शब्द ऐकू येत नाही ती कला बाबासाहेबांच्या माणसाला काय शिकवणार?

फ्लेक्सबद्दल मी कमिटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला. चर्चा तापली. एक जण म्हणाले, कापडी फलक महाग पडतो. दुसरे म्हणाले, फोटो नाही छापला तर वर्गणी कोण देणार? मी त्यांना नावं ठेवत नाही. छप्पर गळतं, वीजबिल येतं, वर्गणी लागतेच. शेवटी एवढं ठरलं की आजच्या वर्धापनदिनाचा दारावरचा फलक कापडावर हातानं रंगवून घ्यायचा. तो तुम्ही आत येताना बघितला. मांजरपाटाचं कापड, त्यावर रंगवलेलं बोधिवृक्षाचं पान आणि विहाराचं नाव. कुणाचाही फोटो नाही. कुणी रंगवला ते तुम्ही ओळखलं असेल. त्यांना फ्लेक्स बांधण्याची नव्हे, रंगवण्याची मजुरी दिली, ठरवून आणि पूर्ण दिली. फुकट सेवा म्हणून घेतली नाही. कलाकाराचं पोट हाही पर्यावरणाचाच भाग आहे.

पण जयंतीचं अजून ठरलेलं नाही. म्हणून आज सर्वांसमोर कमिटीला माझी नम्र विनंती आहे, आणि मी स्वतः कमिटीत आहे तेव्हा ती मलाही आहे. एक, येत्या जयंतीपासून विहाराचा एकही फ्लेक्स नको. ज्यांना नाव लावायचं आहे त्यांनी कान्हेरीच्या दात्यांसारखं काहीतरी द्यावं. पाण्याची टाकी द्या, अभ्यासिकेचा पंखा द्या, त्यावर तुमचं नाव आम्ही आनंदानं रंगवू. दोन, कापडी फलकाचं जुनं कापड फेकायचं नाही, महिला मंडळानं त्याच्या पिशव्या शिवाव्यात. तीन, त्या मुलीच्या आणि अशा आणखी ज्या घरांच्या पत्र्यांना भोकं आहेत, तिथे पावसाळ्याआधी आपण श्रमदान करून पत्रे बदलू. नाहीतर फ्लेक्स बंद करून आपण पर्यावरणप्रेमी ठरू आणि तिचं अंथरूण भिजेल. तसला पुण्यसंचय नको. चार, पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत ‘स्वतःचा अनुभव’ असा गुणांचा रकाना ठेवा. नियम आधी बदलू, निकालानंतर नाही. सरांचं म्हणणं मला पटलं ते असं.

मुलांनो, ज्यांना बक्षीस मिळालं त्यांनी घरी जाऊन आणखी वाचा. ज्यांना मिळालं नाही त्यांनी रडू नका. भाषणाची घंटा पाच मिनिटांनी वाजते. पण खरं बोललेलं वाक्य घंटेनंतरही राहतं. मला झोप लागू देत नव्हतं ते एक वाक्य, म्हणून तर एवढं बोललो. माझीही घंटा केव्हाच वाजून गेली, अध्यक्ष महोदय मगाचपासून घड्याळाकडे बघताहेत, माझे गुण कापा!

विहाराला वर्धापनदिनाच्या मंगल कामना देतो आणि थांबतो.

जय भीम! नमो बुद्धाय!